सुभाषिणी ‘नको’ म्हणाली

“हे ‘कायले’ कोणी शिकवलं हिला?”

डॉ. रानडे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या प्रयोगशाळेत उंदीर सोडला होता. सुभाषिणी टेबलावर मांडी घालून बसली होती. अंगात मी विणलेला लाल स्वेटर आणि हातात अर्धं सोललेलं केळं. रानड्यांनी तिला अगदी गोड आवाजात विचारलं होतं, “सुभाषिणी, हा निळा चौकोन उचलतेस का?” आणि तिनं केळ्यावरची नजर न हलवता उलट विचारलं होतं, “कायले?”

“प्रश्न बरोबर आहे, सर,” मी म्हटलं. “चौकोन उचलून तिला काय मिळणार?”

“इंगोलेबाई, मुद्दा तो नाही. ‘कशाला’ म्हणायचं. आपलं प्रमाण मराठी ठरलं होतं. उद्या समिती येतेय.”

“जीन तुम्ही घातले, सर. बोली स्वयंपाकघरातून आली. दिवसभर असते ती तिथंच.”

“रानडे,” सुभाषिणी म्हणाली, “भांडू नका. घ्या, केळं खा.”

रानड्यांनी केळं घेतलं नाही. ते डोकं धरून खुर्चीत बसले.

ही गोष्ट चिखलदऱ्याची. वर धुकं, खाली मेळघाटाचं जंगल आणि मधल्या एका टेकाडावर आमचं संशोधन केंद्र. रानडे पुण्याचे, आपल्या विषयातले मोठे. चिंपांझीच्या गर्भातच त्यांनी काही जीन बदलले होते. काहींनी घशाची ठेवण बदलली, काहींनी मेंदूत शब्दांना जागा करून दिली. बरेच प्रयत्न फसल्यावर सुभाषिणी जन्माला आली. हे नावही त्यांनीच ठेवलं, बोलायला लागायच्या आधी. माणूस किती आशावादी असू शकतो बघा.

मी अमरावतीला कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवत असे. केंद्राच्या जाहिरातीत ‘एका विशेष विद्यार्थिनीसाठी शिक्षिका पाहिजे’ एवढंच लिहिलं होतं. मी रुजू झाले त्या दिवशी माझी विशेष विद्यार्थिनी छताच्या पंख्याला लटकून माझ्या पर्समधला कंगवा चावत होती. मी तडक परत निघाले होते. पण दारापर्यंत पोचले, तेव्हा पाठीमागून सर्दी झालेल्या बाईसारखा एक घोगरा आवाज आला, “बा... ई.” मग कुठली जाते मी!

आता ती छान बोलायची. माझ्याशी ‘बाई’, स्वयंपाकाच्या पंचफुलाबाईशी ‘माय’ आणि संचालकांशी नुसतं ‘रानडे’. पंचफुलाबाई पाठीमागे त्यांना तसंच म्हणायची, त्याला मी काय करणार? रस्त्यावर पर्यटकांच्या हातातल्या पिशव्या हिसकावणारी लंगुरं दिसली की ही खिडकीतून म्हणायची, “अडाणी लेकाचे.” तिला कोणी माकड म्हटलेलं खपत नसे. चिंपांझी म्हटलेलंही फारसं आवडत नसे. “मी सुभी होय,” म्हणायची.

बोलणं जीनमुळे आलं असेल, वळण मात्र मी लावलं. एकदा गॅस सिलिंडरवाला तिच्यासाठी भाजलेल्या शेंगा घेऊन आला होता. हिनं शेंगा घेतल्या, पिशवी घेतली आणि त्याची टोपीसुद्धा घेतली. मी तिला चांगली फैलावर घेतली. घरच्या माणसांकडे हवं ते मागावं, पण पाहुण्यांसमोर असा हावरटपणा करायचा नाही, हे तिला बजावून सांगितलं. चारचौघांत कसं वागावं ते माझ्याकडे आणि पंचफुलाबाईकडे बघून शिक, असंही म्हटलं. तेव्हापासून ती आमच्याकडे टक लावून बघत बसे. दुपारी पंचफुलाबाई माझ्यापुढे ताटली सरकवायची, आमच्या दोघींचं रोजचं बोलणं व्हायचं, मग मी खायची. सुभाषिणी एक शब्द न बोलता सगळं बघायची. मला वाटायचं, तिचा डोळा ताटलीवर आहे.

समितीचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. केंद्राचा निधी संपत आला होता. नियम असा होता की ज्या प्राण्याला खरी भाषा आहे असं समिती ठरवेल, त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध कुठं हलवता येणार नाही. तो हवं तर आहे तिथं राहील, त्याचा खर्चही चालू राहील. भाषा नाही असं ठरलं, तर तो एक साधा प्राणी. मग सुभाषिणी जाणार होती परराज्यातल्या एका औषध कंपनीकडे. तिथं औषधं टोचून बघतात. कंपनीला इतकी खात्री होती की त्यांचा पिंजरा आधीच येऊन आमच्या मागच्या अंगणात पडला होता.

त्या दुपारी रानडे उठून गेल्यावर सुभाषिणी मला हाताला धरून त्या पिंजऱ्यापाशी घेऊन गेली.

“बाई, हे कोणासाठी?”

“कोणासाठी नाही.”

तिनं गजांतून हात आत घातला, बाहेर काढला आणि स्वेटरला पुसला. “थंड हाये,” म्हणाली.

मी तिला समोर बसवलं. “हे बघ, उद्या एक पाहुण्या येणार आहेत. मोठ्या बाई आहेत. त्या तुला विचारतील, इथं राहायचं का म्हणून. तू नीट सांगायचं. वेड्यासारखं करायचं नाही.”

“बरोबर वागतो ना मी,” ती जरा दुखावून म्हणाली. पंचफुलाबाईच्या बोलीत बायकाही ‘वागतो’च म्हणतात. “तुम्ही शिकवलं तसंच वागतो.”

मी निर्धास्त झाले. काय म्हणावं मला!

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. विद्युल्लता कर्णिक आल्या. समिती म्हणजे त्या एकट्याच, बाकीचे सदस्य सह्या करणार होते. बारीक अंगाच्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, इस्त्रीची सुती साडी. बोलणारा पोपट आणि गणित करणारी घोडी, दोघांचीही लबाडी त्यांनी पूर्वी उघडी पाडली होती. घाटातल्या वळणांनी त्यांचा चेहरा हिरवट झाला होता. ड्रायव्हर मला हळूच म्हणाला, “मॅडमनं सकाळपासून कायीच नाई खाल्लं. परतवाड्याले चहा बी नाई घेतला.” मी लिंबूपाणी पुढे केलं, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

“माझे नियम साधे आहेत. प्रश्न मीच विचारणार आणि एकदाच विचारणार. एकाच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा विचारलं की प्राण्याला कळतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं. मग तो उत्तर बदलतो आणि मालक टाळ्या पिटतात. घोडीचं तेच झालं होतं. इंगोलेबाई, तुम्ही मागे बसा. बोलायचं नाही, मान हलवायची नाही.”

“खोकला आला तर?” मी विचारलं.

“बाहेर जाऊन खोकायचं.”

सुभाषिणीला आत आणलं. तिनं केसांना पाणी लावून भांग पाडला होता, पंचफुलाबाईच्या आरशात बघून. आत येताच तिनं हात जोडले. “या बसा. घाट लागला का?”

कर्णिकबाईंच्या भुवया जरा वर गेल्या, पण लगेच जागेवर आल्या. पोपटही नमस्कार म्हणत होता म्हणे.

सुरुवात झकास झाली. चित्रं ओळखली, रंग सांगितले. “पाऊस आला तर काय करशील?” याला “वाळवण आत घेईन” असं उत्तर दिलं. रानडे कोपऱ्यात बसल्या बसल्या फुलत चालले होते. निळा चौकोनसुद्धा तिनं एका शब्दासरशी उचलला.

“हे सगळं पाठ करून घेता येतं,” कर्णिकबाई म्हणाल्या. “शब्द मनाशी जोडलेला आहे का, ते मला बघायचंय.” त्यांनी पर्समधून एक मोठं संत्रं काढलं आणि टेबलावर ठेवलं. सुभाषिणीचा संत्र्यावर किती जीव! सालीसकट खायची. त्यातून रानड्यांनी तिला सकाळपासून उपाशी ठेवलेलं, म्हणजे उत्तरं चटपटीत देईल म्हणून.

“हे संत्रं तुला हवंय का?”

सुभाषिणीनं संत्र्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग नजर खाली घालून, स्वेटरची कड बोटांत गुंडाळत ती म्हणाली, “नको.”

कर्णिकबाईंनी संत्रं उचललं आणि पर्समध्ये टाकलं.

सुभाषिणीचा चेहरा असा पडला, की काय सांगू. तोंड किंचित उघडं राहिलं. तिची नजर पर्सवरून माझ्यावर आली, परत पर्सवर गेली. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज दुपारी पंचफुलाबाई ताटली सरकवायची आणि मी म्हणायची, “नको.” ती म्हणायची, “घ्या ना.” मी म्हणायची, “नको गं, आत्ताच झालं.” ती म्हणायची, “माह्यासाठी घ्या.” मग मी घ्यायची. आणि ही पोर टक लावून बघत बसायची. आम्ही तिचे घरचे, आमच्याकडे ती बिनधास्त मागे. कर्णिकबाई तिच्या आयुष्यातल्या पहिल्या खऱ्या पाहुण्या होत्या, अन् ती पाहुण्यांशी वागावं तसं वागत होती. त्यांनी आणखी विचारायची ती वाट बघत होती.

आणि कर्णिकबाईंचा तर नियमच होता, एकदाच विचारायचं.

मी घसा खाकरला.

“इंगोलेबाई, बाहेर,” कर्णिकबाई म्हणाल्या.

“नाही, नाही. थांबला खोकला.”

“तुला भूक लागलीय का?” त्यांनी पुढचा प्रश्न केला.

“नाई बाप्पा, आत्ताच झालं,” सुभाषिणी म्हणाली. त्याच वेळी तिचं पोट एवढ्या मोठ्यानं गुरगुरलं की खिडकीबाहेरचं लंगूर दचकून खाली उतरलं. कर्णिकबाईंनी काहीतरी लिहिलं. कोपऱ्यात रानड्यांच्या कपाळावर भर थंडीत घाम फुटला होता. ते माझ्याकडे बघून डोळ्यांनी विचारत होते, हे काय चाललंय? मला डोळ्यांनी एवढं सगळं सांगता येईना. तुमच्या पुण्याला कोणी घरी आलेल्याला आग्रह करत नाही का हो, असं ओरडावंसं वाटत होतं.

“ही मऊ शाल तुला देऊ?” त्यांनी आपल्या खांद्यावरची शाल पुढे केली.

“नको. राहू द्या. तुमाले लागन.”

शाल घडी करून बाजूला गेली. आता सुभाषिणीच्या डोळ्यांत भीती दिसायला लागली होती. आपलं कुठं चुकतंय हे तिला कळत नव्हतं. सगळं तर बरोबर करत होती ती, मी शिकवलं होतं तसं अगदी.

कर्णिकबाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. “शेवटचा प्रश्न. नीट ऐक. तुला इथंच राहायचं आहे का?”

सुभाषिणीनं खिडकीतून बाहेर बघितलं. तिथून पिंजऱ्याचा एक कोपरा दिसत होता. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. कोणी काही दिलं की लेकरं आधी आईच्या तोंडाकडे बघतात, तसं. मान हलवायची मला मनाई होती. मी दगडासारखी बसून राहिले, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“नको,” सुभाषिणी अगदी हळू म्हणाली. “कायले तुमाले तरास.”

कर्णिकबाईंनी मान हलवली. त्यांनाही आनंद झालेला नव्हता. “डॉ. रानडे, उच्चार थक्क करणारे आहेत. पण शब्दाचा इच्छेशी मेळ नाही. भूक असताना नाही म्हणते, हवं असताना नको म्हणते. कुठल्या प्रश्नाला कुठला आवाज काढायचा, एवढंच तिला माहीत आहे. मला वाईट वाटतं.”

“बाई, ऐका तरी माझं...” मी उठले.

“तुमचं ऐकून ठरवायचं असतं, तर मी घाट चढून आले नसते,” त्या म्हणाल्या आणि कागद आवरायला लागल्या. “प्रत्येक घोडीचा मालक मला हेच म्हणाला होता.”

मी परत मागच्या खुर्चीत जाऊन बसले.

तेवढ्यात दार ढकलून पंचफुलाबाई चहा घेऊन आली. बरोबर सांभारवड्यांची ताटली. आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. ती खसखस-खोबऱ्याबरोबर ठासून भरून तळलेल्या वड्या, गरमागरम, तेलाचा वास खोलीभर. तिनं ताटली कर्णिकबाईंपुढे ठेवली आणि आमचे चेहरे बघून, आग्रह न करताच निघून गेली.

“नको,” कर्णिकबाई ताटलीकडे न बघता म्हणाल्या. “माझं आत्ताच झालंय.”

रानडे म्हणाले, “बरं,” आणि ताटली उचलायला वाकले.

त्यांच्या हातावर एक केसाळ हात पडला.

“रानडे, काय करून राहिले?” सुभाषिणी दबक्या आवाजात म्हणाली. ती खरोखर संतापली होती. “पाहुण्या होत त्या!” तिनं त्यांच्या हातातून ताटली काढून घेतली, टेबलावरून खाली उतरली आणि कर्णिकबाईंसमोर जाऊन उभी राहिली. तिचं स्वतःचं पोट गुरगुरतच होतं. तिनं एका वडीलाही बोट लावलं नाही.

“घ्या ना,” ती म्हणाली.

“नको गं. खरंच नको.”

“एक तं घ्या. एवढा घाट चढून आल्या.”

“पोट भरलंय माझं.”

“माह्यासाठी घ्या,” सुभाषिणी म्हणाली. “आमच्या घरून कोणी उपाशी जात नाई.”

कर्णिकबाईंनी वडी घेतली. खाल्ली. दुसरी घेतली, तीही खाल्ली. तिसरी अर्धी झाली, तेव्हा त्यांचं तोंड एकदम चालायचं थांबलं. हातातल्या अर्ध्या वडीकडे त्या बघत राहिल्या.

“पोट भरलंय म्हटलं मी,” त्या पुटपुटल्या. “मला सकाळपासून कडकडून भूक लागलीय.”

मी ‘बघा!’ म्हणणार होते, पण मला तर मनाईच होती.

त्यांनी वडी ताटलीत ठेवली, बोटं रुमालाला पुसली. पर्स उघडून संत्रं बाहेर काढलं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं नाही, हातावर धरून पुढे केलं.

“घे गं.”

“नको,” सुभाषिणी म्हणाली. पण तिचे कान टवकारले.

“अगं घे.”

“नको, राहू द्या. तुमाले होईन रस्त्यानं.”

कर्णिकबाई थांबल्या. एका गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला असणार. मग त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पार बदललेला होता, कोणाच्या तरी मावशीसारखा, “घे म्हणते ना! एवढ्या लांबून आणलंय मी.”

संत्रं कधी गेलं ते कळलं नाही. साल, रस, बिया, सगळं.

रानडे उभेच होते. “म्हणजे... म्हणजे ती...”

“गप्प बसा हो,” कर्णिकबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सुभाषिणीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. “मग? काय ठरवलंस? राहायचं ना इथं?”

“नको,” सुभाषिणी हनुवटीवरचा रस पुसत म्हणाली. “रानड्याले खर्च पडते.”

“पडू दे खर्च. राहा तू.”

“नको बाप्पा. बाईले बी लय तरास होते माह्या पायी. स्वेटर विणा लागते.”

मला हुंदका आला. तो खोकला नव्हता, त्यामुळे मी बाहेर गेले नाही.

“सुभाषिणी,” कर्णिकबाई म्हणाल्या. त्यांनी तिचा तो काळा, सुरकुतलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “माझ्यासाठी राहा.”

सुभाषिणीनं माझ्याकडे बघितलं. कर्णिकबाईंनीही मान वळवून माझ्याकडे बघितलं. “आता बोला की हो, इंगोलेबाई! पोर ताटकळलीय.”

“राहा, बाळा,” मी म्हटलं. “पाहुण्या एवढं म्हणतायत.”

“आता तुम्ही येवढं म्हणूनच राहिल्या,” सुभाषिणी म्हणाली आणि तिनं एवढा मोठा सुस्कारा टाकला, की टेबलावरचे कागद हलले. “तं राहतो.”

ती तशीच माझ्या अंगावर चढली आणि गळ्याला घट्ट मिठी मारली. मला गुदमरायला झालं तरी मी सोडवून घेतलं नाही. रानडे खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरत होते. दारामागे पंचफुलाबाई होतीच, तिचं रडणं तर गेटपर्यंत ऐकू जात होतं.

कर्णिकबाईंनी लिहिलेला कागद फाडला, नवा घेतला आणि उभ्या उभ्याच भराभरा काहीतरी लिहून सही केली. मग पर्स खांद्याला लावली. “निघते मी. घाटात अंधार व्हायला नको.”

बाहेर लख्ख ऊन होतं. सुभाषिणी माझ्या कडेवरून खाली उतरली आणि दारात आडवी उभी राहिली.

“जेवून जा,” ती म्हणाली.

“छे, छे,” कर्णिकबाई म्हणाल्या. “नको.”

रानड्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघंही हसू दाबून उभे राहिलो. पंचफुलाबाईनं मात्र कसली वाट बघितली नाही. ती आत जाऊन पाट मांडायला लागली.